गुलामीच्या पावत्या: ‘राजे’ हातात घेऊन ब्रिटिश म्युझियमची फेरी

प्रवेश फुकट, माल अस्सल, मांडणी विस्कळीत, आणि गोष्टीचा पहिला अर्धा भाग जागेवर नाहीच. बायबलमधली ‘१ राजे’ आणि ‘२ राजे’ ही पुस्तके समजून घ्यायला लंडनचे ब्रिटिश म्युझियम कितपत उपयोगी पडते, त्याचा थोडक्यात जमाखर्च असा. तरीही या कामासाठी यासारखी दुसरी जागा सापडणे अवघड आहे, म्हणून जरा सविस्तर.

‘राजे’चा आरोप सरळ आहे. राजे बेइमान झाले, त्यांनी गादीला सोयीची पूजा उभी केली, आणि प्रजा परक्यांच्या जोखडाखाली गेली. उत्तरेकडचे इस्राएल इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने (असिरिया) गिळले, दक्षिणेकडचे यहूदा ५८६ मध्ये बाबेलने (बॅबिलोन). हा ग्रंथ शेजारच्या राष्ट्रांच्या देवांवर खटला भरत बसत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात त्याचे स्वतःचे राजे आहेत आणि कलम आहे देवाशी झालेला करार मोडल्याचे. म्युझियमकडे या खटल्यातल्या शिक्षेचे कागद आहेत. कोणी किती चांदी मोजली, कोणत्या राजाने कपाळ जमिनीला टेकवले, किती माणसे हाकलून नेली, हे सगळे वसूल करणाऱ्याने स्वतःच्या दफ्तरात लिहून ठेवलेले. पावत्याच त्या. फक्त त्या दोन मजल्यांवर, पाच-सहा दालनांत विखुरल्या आहेत आणि ओळीने लावून कोणी देत नाही.

आधी जाण्यायेण्याचे. म्युझियम रोज १० ते ५, शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत. २४, २५ आणि २६ डिसेंबरला बंद. तिकीट नाही, पण संकेतस्थळावर वेळेचे मोफत आरक्षण करून ठेवले तर रांगेत फार उभे राहावे लागत नाही. ग्रेट रसेल स्ट्रीटच्या मुख्य दारावर बॅगतपासणीची रांग लांब असते. मागचे माँटेग्यू प्लेसचे दार बहुतेक वेळा मोकळे मिळते. चाकांची बॅग आत नेऊ देत नाहीत, तेव्हा विमानतळावरून थेट येण्याचा बेत असेल तर सामानाची सोय आधी करा. शुक्रवारची संध्याकाळ या फेरीसाठी सगळ्यात चांगली: शाळांच्या सहली गेलेल्या असतात आणि अश्शूरी दालनांत पायाखालच्या फरशीचा आवाज ऐकू येतो.

एक काम घरूनच करून या. म्युझियमच्या संकेतस्थळावरच्या संग्रहशोधात वस्तूचा क्रमांक टाकला की ती सध्या प्रदर्शनात आहे का आणि कोणत्या दालनात, हे कळते. खाली जिथे क्रमांक दिले आहेत ते त्यासाठीच. दालने अधूनमधून बंद असतात, वस्तू दौऱ्यावर जातात. शिवाय म्युझियमच्या पश्चिम बाजूच्या इमारतीचे मोठे नूतनीकरण ठरले आहे (२०२५ मध्ये त्यासाठी वास्तुविशारदाची निवड झाली) आणि अश्शूरी शिल्पे नेमकी त्याच बाजूला आहेत. म्हणजे पुढच्या काही वर्षांत हा नकाशा बदलणार.

दुसरे काम: १ राजे १२:२५-३३ वाचून या. हे नऊ वचनांचे मूळ म्युझियममध्ये कुठेच नाही, आणि ते ठाऊक नसेल तर बाकी सगळे नुसते दगड. शलमोनानंतर राज्य फुटले. उत्तरेच्या दहा वंशांचा राजा यराबाम याच्यापुढे अडचण धार्मिक नव्हती, सरहद्दीची होती. लोक बलिदानासाठी यरुशलेमेला जाणार, तिथे दुसऱ्याचे राज्य. जात-येत राहिले तर मनही तिकडे वळणार आणि आपला जीव जाणार. म्हणून त्याने सोन्याची दोन वासरे केली. एक दक्षिण सीमेवर बेथेलला, एक उत्तर टोकाला दानला. लेवी, म्हणजे याजकपणाचा मान असलेल्या वंशाचे, नसलेले याजक नेमले, आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी स्वतःच्या मनाने सण ठरवला, आणि लोकांना सांगितले की यरुशलेमेला जाणे तुम्हाला फार कष्टाचे होते. त्यातला कळवळा तेवढा बघण्यासारखा. इथून पुढे जवळपास प्रत्येक उत्तरी राजाच्या नोंदीवर ग्रंथकार तोच शिक्का मारतो: नबाटाचा पुत्र यराबाम याने इस्राएलाकडून जी पापे करवली, ती याने सोडली नाहीत. वाचताना कंटाळा येईल इतक्या वेळा. कंटाळा येऊ द्या. वरच्या मजल्यावर त्याचा उपयोग होतो.

आता आत. ग्रेट कोर्टमधून डावीकडे इजिप्तच्या शिल्पांच्या दालन ४ मध्ये शिरले की रोझेटा शिळेभोवती गर्दीचा गुंता लागतो. तो ओलांडून दालन ६ गाठायचे.

इथे दोन दगड महत्त्वाचे. पहिला कुर्ख येथे सापडलेला अश्शूरचा राजा शल्मनेसेर तिसरा याचा शिलास्तंभ (११८८८४). त्यावर इ.स.पू. ८५३ च्या करकारच्या लढाईची हकीकत कोरली आहे आणि अश्शूरविरुद्ध एकत्र आलेल्या राजांच्या यादीत इस्राएलाचा अहाब आहे: २,००० रथ, १०,००० पायदळ. या लढाईबद्दल बायबल एक अक्षर बोलत नाही. अहाब म्हणजे ईजबेलीचा नवरा, शोमरोन या राजधानीत बआल या कनानी देवाचे मंदिर बांधणारा. ग्रंथात तो सगळ्यात वाईट राजांपैकी एक आणि अश्शूरच्या दफ्तरात चांगला तगडा शत्रू. ज्यांना वाटते की मूर्तिपूजा केली रे केली की दुसऱ्या दिवशी सैन्य दारात येते, त्यांनी या दगडापुढे जरा जास्त वेळ उभे राहावे. ‘राजे’चे गणित तसे चालत नाही. खोटी पूजा तेजीतही चालते, आणि बरेचदा तेजीतच.

दुसरा दगड काळा चौकोनी स्तंभ (११८८८५). काळ्या चुनखडीचा, जवळजवळ दोन मीटर उंच, चार बाजूंना पाच-पाच चित्रपट्ट्या. इंग्रज उत्खनक ऑस्टिन हेन्री लेयार्डने १८४६ मध्ये निमरूद या जुन्या अश्शूरी राजधानीत काढला. यात बहुतेकांची एक चूक होते. सगळ्यात वरच्या पट्टीत एक राजा वाकलेला दिसतो, लोक त्याचा फोटो काढतात आणि ‘हाच इस्राएलाचा राजा येहू’ म्हणून पुढे जातात. तो गिल्झानू या दुसऱ्याच राज्याचा राजा सूआ. येहू वरून दुसऱ्या पट्टीत आहे. गुडघे आणि कोपरे जमिनीवर, टोकदार टोपीसकट डोके खाली, दाढी फरशीला लागायच्या बेतात. त्याच ओळीत स्तंभाभोवती फिरलात तर मागच्या तिन्ही बाजूंना त्याची माणसे नजराणा घेऊन येताना दिसतात. वरच्या कोरीव ओळीत यादी: चांदी, सोने, सोन्याचा वाडगा, सोन्याचे पेले, कथील, राजासाठी दंड. साल इ.स.पू. ८४१. करकारच्या यादीतल्या २,००० रथांपासून या गुडघ्यांपर्यंत फक्त १२ वर्षे.

यादीत त्याला ‘अम्रीचा पुत्र’ म्हटले आहे, तेही विचित्र, कारण अम्री हा अहाबाचा बाप आणि येहूनेच त्याचे घराणे कापून काढले होते. अश्शूरी कारकुनाला घराण्याशी देणेघेणे नव्हते. त्याच्या खतावणीत त्या राज्याचे नाव ‘अम्रीचे घर’ असेच पडले होते. आता २ राजे १० उघडा. येहूने बआलाच्या पुजाऱ्यांना मंदिरात गोळा करून मारले, मंदिर पाडून तिथे शौचकूप केले. एवढा कडवा सुधारक. आणि २९ व्या वचनात एकच ओळ: बेथेल आणि दान इथल्या सोन्याच्या वासरांची पूजा त्याने सोडली नाही. बआल हा पाडलेल्या घराण्याचा देव, तो मोडणे राजकारणाला सोयीचे. वासरे सरहद्द राखत होती, ती मोडणे गैरसोयीचे. दगड आणि पान शेजारी ठेवून वाचावे अशी सगळ्या म्युझियममधली ही सर्वोत्तम जागा आहे. दगडाखालच्या फलकावर वासरांचा उल्लेख शोधू नका.

पुढे निमरूदच्या राजवाड्याची दालने, ७ आणि ८. सुंदर आहेत, पण त्यातले बहुतेक फलक अश्शूरनासिरपाल दुसरा याचे, आपल्या पावत्यांच्या आधीचे. इथे वेळ घालवू नका. आपल्याला हवा तो तिग्लथ-पिलेसर तिसरा, ज्याला बायबल ‘पूल’ही म्हणते. त्याचा एक फलक (११८९०८) क्रमांकाने शोधा: वर तटबंदीचे शहर, शेजारी नाव ‘अस्तार्तू’, म्हणजे बहुधा बाशानातले अष्टारोथ. शहरातून माणसे आणि मेंढरे बाहेर काढली जात आहेत आणि खालच्या पट्टीत राजा रथात. २ राजे १५:२९ मध्ये गिलाद, गालील आणि नफतालीची माणसे धरून नेल्याचे जे एक वचन आहे, त्याचे हे चित्र म्हणायला हरकत नाही.

याच राजाला इस्राएलाच्या मनहेमाने पैसे दिले. अश्शूरी लेखांत ‘शोमरोनचा मनहेम’ खंडणीदारांत आहेच, पण जास्त तपशील बायबलकडे आहे: १,००० किक्कार रुपे, आणि ते गोळा करायला प्रत्येक धनवानावर ५० शेकेलांची पट्टी. एक किक्कार म्हणजे ३,००० शेकेल. भागाकार करा: ३०,००,००० भागिले ५०, म्हणजे ६०,००० माणसांवर पट्टी बसली. वजनात साधारण ३० टन चांदी, किक्कार ३० किलोच्या आसपास धरला तर. आणि वचन कारणही सांगते: राज्य आपल्या हाती टिकावे म्हणून. देशावर हल्ला आला म्हणून नुसते नाही, तर स्वतःची खुर्ची पक्की व्हावी म्हणून. खून करून गादीवर आलेला राजा होता तो.

यानंतरची पावती म्युझियममध्ये चित्ररूपात नाही, पण माझ्या मते सगळ्या मालिकेत तीच कळीची. यहूदाचा आहाज. तिग्लथ-पिलेसरच्या एका मातीच्या पाटीवर (के ३७५१, म्युझियमच्याच संग्रहात) खंडणी देणाऱ्यांत ‘यहूदाचा यहोआहाज’ असे त्याचे पूर्ण नाव आहे. पाटी बघायला मिळाली नाही तरी चालेल. २ राजे १६ मात्र कुठेतरी बसून शांतपणे वाचा. इस्राएल आणि अराम (सिरिया) यांनी यरुशलेमेला वेढा घातला तेव्हा आहाजने अश्शूरला निरोप पाठवला: मी तुझा दास, तुझा पुत्र. सोबत परमेश्वराच्या मंदिरातले आणि राजवाड्यातले सोने-रुपे. हे सातवे आणि आठवे वचन. दहाव्या वचनात तो मालकाला भेटायला दिमिष्काला (दमास्कस) जातो, तिथली वेदी त्याला आवडते, आणि तो तिचा आराखडा, मोजमापांसकट, उरीया याजकाकडे पाठवतो. राजा परत यायच्या आत याजकाने वेदी बांधून तयार ठेवली. (याजकाने एक शब्दाने विरोध केल्याची नोंद नाही. कंत्राट वेळेत पूर्ण.) मग जुनी पितळी वेदी बाजूला सरकवली गेली. पुढे गंगाळांच्या चौरंगांच्या पट्ट्या कापल्या, पितळी समुद्राखालचे (म्हणजे मंदिरातल्या पाण्याच्या प्रचंड पात्राखालचे) बैल काढून तो दगडी चौथऱ्यावर ठेवला, राजाचे बाहेरचे प्रवेशद्वार बदलले. अठराव्या वचनाचे शेवटचे शब्द: अश्शूरच्या राजामुळे.

क्रम बघा. आधी दास्य कबूल, मग चांदी, मग वेदी. आपण सहसा उलटे शिकतो, की पूजा बिघडली म्हणून शिक्षा झाली. ‘राजे’त दोन्ही एकाच व्यवहाराची दोन पाने आहेत: ज्याच्याकडे संरक्षण मागितले, त्याच्याच भेटीत पाहिलेल्या नमुन्याची वेदी घरात आली, आणि त्याच्यापायीच जुन्या मंदिराचे पितळ उतरवले गेले.

दालन १० चे तीन भाग आहेत. १०क मध्ये खोर्साबादचे पंख असलेले मानवमुखी बैल, प्रत्येकी सुमारे १६ टनांचे. ते सर्गोन दुसरा याच्या राजवाड्याचे. त्याच्या लेखांत शोमरोनातून २७,२९० माणसे नेल्याची नोंद आहे. दुसऱ्या लेखात आकडा २७,२८० आहे आणि लुटीत ‘ज्यांच्यावर त्यांचा भरवसा होता ते देव’ही आहेत. बायबल शोमरोनचा वेढा शल्मनेसेराच्या (हा पाचवा, वरचा तिसरा नव्हे) नावावर टाकते, सर्गोन श्रेय स्वतःकडे घेतो. वेढा एकाने घातला आणि हद्दपारी दुसऱ्याने उरकली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सर्गोनचे नाव बायबलमध्ये एकदाच येते, यशया २०:१ मध्ये. इथे होशेय १०:५-६ वाचून घ्या: बेथेलचे वासरूच नजराणा म्हणून अश्शूरला नेले जाईल, असे तो संदेष्टा आधीच म्हणाला होता. सरहद्द राखायला केलेला देव शेवटी खंडणीच्या गाठोड्यात.

आणि मग १०ब. सिंहांच्या शिकारीच्या प्रसिद्ध फलकांपाशी (१०अ) लोक रेंगाळतात, इथे बरेच जण डोकावून जातात. तसे करू नका. निनवे या अश्शूरी राजधानीतल्या सन्हेरीब राजाच्या राजवाड्यातल्या एका खोलीच्या भिंती इथे लावल्या आहेत आणि सगळ्या खोलीचा विषय एकच: इ.स.पू. ७०१ मध्ये यहूदातले लाखीश कसे घेतले. डावीकडून उजवीकडे वाचा. डावीकडे सैन्य चालून येते, मधोमध शहर, उजवीकडे लोक बाहेर पडून राजाकडे चालले आहेत, मग सिंहासनावर राजा, त्याच्या मागे तंबू, शेवटी वरून पाहिल्यासारखी लांबट गोल छावणी.

मधल्या भागात वेढ्याच्या उतारावर चढणारे धक्कायंत्र शोधा. तटावरून पेटते पलिते पडत आहेत आणि यंत्रातला एक शिपाई लांब दांड्याच्या पळीने यंत्राच्या कातडी आवरणावर पाणी ओततो आहे. ती पळी दिसली की सगळे युद्ध जवळ येते. त्याच्या उजवीकडे खाली तीन नग्न माणसे सुळांवर. त्यापलीकडे बैलगाड्या: गाठोड्यांवर बसलेल्या बायका आणि मुले, बाजूला चालणारे पुरुष. शिपाई लूट नेत आहेत, त्यात दोन मोठी धूपपात्रेही आहेत. पूजेची भांडी नेणे ही लूट आणि घोषणा दोन्ही होते. आणि सगळ्यात उजवीकडे छावणीत बघा: वेदीपुढे दोन अश्शूरी पुजारी आपला विधी करत आहेत. हरलेल्यांची धूपपात्रे बाहेर, जिंकणाऱ्यांची वेदी आत. शिल्पकाराने ते मुद्दाम दाखवले असो वा नसो. राजाचा चेहरा मात्र फोडलेला आहे. पुढे कोणीतरी जाणूनबुजून घाव घातले.

या खोलीत भाविक वाचक एका ठिकाणी हमखास घसरतो. लाखीश पडले तेव्हा यहूदात वाईट राजा नव्हता. आहाजचा मुलगा हिज्कीया होता, उच्चस्थाने (उघड्यावरची पूजास्थाने) काढणारा, अशेरा मूर्ती तोडणारा, इतकेच काय, मोशेने केलेला पितळी साप, नहुश्तान, त्यालाही लोक धूप जाळतात म्हणून फोडणारा. मग हे का? कारण करार बापाने केला होता. ‘मी तुझा दास’ हे आहाजचे शब्द मुलाच्या काळात थकबाकी म्हणून वसुलीला आले. शिवाय २ राजे १८:२२ मध्ये अश्शूरचा सरदार यरुशलेमेच्या तटाखाली उभा राहून लोकांना सांगतो, की तुमच्याच राजाने तुमच्या देवाच्या वेद्या पाडल्या, तो तुम्हाला काय वाचवणार? सुधारणेलाच त्याने पाखंड ठरवले. तटावर बसलेल्या किती जणांना ते पटले असेल, कल्पना करा. लाखीशच्या वेशीत वेदीची शिंगे तोडलेले एक छोटे देवस्थान आणि त्यात एक दगडी शौचासन मिळाल्याचे इस्राएलच्या पुरातत्त्व खात्याने २०१६ मध्ये जाहीर केले. ते हिज्कीयाच्या सुधारणेचे का, यावर पंडितांत वाद आहे, पण येहूच्या शौचकुपाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

आता जिना चढून दालन ५५. टेलर प्रिझम (९१०३२) ही सहा बाजूंची मातीची विटकर, ३८ सेंटिमीटर उंच. यात सन्हेरीबाची बाजू. तटबंदीची ४६ शहरे घेतली, २,००,१५० माणसे बाहेर काढली, हिज्कीयाला यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे कोंडले. यरुशलेम घेतल्याचे मात्र म्हणत नाही. खंडणी: ३० किक्कार सोने, ८०० किक्कार चांदी. २ राजे १८:१४ म्हणते ३० किक्कार सोने आणि ३०० किक्कार रुपे. सोने तंतोतंत जुळते, चांदी जुळत नाही. कोणी म्हणतात वजनाचे माप वेगळे, कोणी म्हणतात सन्हेरीबाने इतर ऐवजही चांदीत धरला. जुळवाजुळवीच्या नादी न लागता सोळावे वचन बघितलेले बरे: हिज्कीयाने मंदिराच्या दारांना स्वतःच मढवलेले सोने सोलून काढले. चांगल्या राजालाही हप्ता मंदिरातूनच भरावा लागला.

प्रिझम काचेमागे आहे आणि अक्षर बारीक. क्युनिफॉर्म (खिळ्यांसारखी कीलाक्षरे) येत नसेल तर दोन मिनिटांत बघून होते. जाण्याआधी भाषांतर वाचून गेलात तर दहा मिनिटे थांबावेसे वाटेल. फलक इंग्रजीतच आहेत आणि त्यात नोंद अशी की हिज्कीयाने खंडणी नाकारून बंड केले. चूक नाही. पण आधीच्या राजाने काय विकले होते, हे त्यातून कळत नाही.

मनश्शेसाठी इथे वेगळे काही शोधू नका. ५५ वर्षे राज्य, मंदिराच्या अंगणांत नक्षत्रगणांच्या वेद्या, आणि अश्शूरच्या एसर्हद्दोनाच्या लेखात निनवेच्या राजवाड्यासाठी इमारती सामान पुरवणाऱ्या राजांच्या यादीत नाव. ‘राजे’च्या लेखी यहूदाचा निकाल त्याच्याच काळात लागला, नातू योशीयाने केलेली सफाईसुद्धा तो फिरवू शकली नाही.

बाबेलच्या बखरीची पाटी (२१९४६) हाताच्या तळव्याएवढी. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने आपल्या सातव्या वर्षी, अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी यहूदाचे शहर घेतले, म्हणजे इ.स.पू. ५९७ चा मार्च. राजाला पकडले, आपल्या पसंतीचा राजा बसवला, भारी खंडणी घेतली. तो पसंतीचा राजा सिद्कीया. ‘बेइमानी’ हा शब्द इथे अगदी कायद्याच्या अर्थाने लागतो: २ इतिहास ३६:१३ आणि यहेज्केल १७ प्रमाणे त्याने देवाच्या नावाने शपथ घेऊन ती मोडली. पाटीत ५८६ चा विध्वंस शोधू नका. ती ५९४ लाच संपते आणि पुढच्या वर्षांची पाटी मिळालेली नाही.

तशीच एक चिमुकली पाटी (११४७८९), सुमारे साडेपाच सेंटिमीटरची. इ.स.पू. ५९५ मध्ये नबो-सर्सखीम नावाच्या बड्या खोजा अधिकाऱ्याने बाबेलच्या मर्दूक मंदिरात दीड मीना, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास, सोने जमा केले त्याची ही खरीखुरी पावती. विएन्नाच्या मिखाएल युर्सा यांनी २००७ मध्ये हे नाव यिर्मया ३९:३ मधल्या अधिकाऱ्याशी जुळवले, जो यरुशलेम पडल्यावर मधल्या वेशीत जाऊन बसला होता. प्रदर्शनात आहे का, ते आधी पाहून घ्या.

बाबेलला धरून नेलेल्या माणसांचे आकडे मात्र जुळत नाहीत, अगदी बायबलचे आपसांतही. २ राजे २४ मध्ये १०,०००, दोन वचने पुढे ७,००० आणि १,००० कारागीर. यिर्मया ५२ मध्ये ३,०२३, ८३२ आणि ७४५, मिळून ४,६००. कुटुंबप्रमुख मोजले की माणसे, यावर फरक पडत असावा.

मुंबईकरांसाठी दोन गोष्टी. लेयार्डचा माल बसऱ्याहून लंडनला गेला तो मुंबईमार्गे. पेट्या मुंबईत उघडल्या गेल्या, लोकांनी बघितल्या, आणि परत भरताना घोळ झाला. लंडनला जाणे जमणार नसेल तर निमरूदचे काही कोरीव फलक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. येहू नाही, लाखीश नाही, पण अश्शूरी राजवाड्यात आत शिरलेल्या मांडलिकाला काय दिसत असेल, याची चव मिळते.

शेवटी दालन ५२, इराणचा राजा कोरेश (सायरस) याचे मातीचे नळकांडे (९०९२०), साडेबावीस सेंटिमीटर लांब. हेही डिसेंबर २०१३ मध्ये याच मुंबईच्या संग्रहालयात येऊन गेले आहे. बाबेल इ.स.पू. ५३९ मध्ये घेतल्यावर कोरेश म्हणतो, की मर्दूकाने मला निवडले, आणि मी निरनिराळ्या देवांना त्यांच्या जागी परत पाठवले. यहूद्यांचे नाव त्यात नाही. मार्गदर्शक आहे असे सांगत असेल तर नम्रपणे दुर्लक्ष करा. त्यांची पावती एज्रा १:७-११ मध्ये आहे. मिथ्रदाथ खजिनदाराने मंदिराची पात्रे शेशबस्सराला मोजून दिली: सोन्याची तबके ३०, रुप्याची तबके १,०००, सुऱ्या २९, सोन्याचे कटोरे ३०, दुसऱ्या प्रतीचे रुप्याचे कटोरे ४१०, इतर पात्रे १,०००. खाली एकूण लिहिले आहे ५,४००. बेरीज करून बघा, २,४९९ येते.